डबीतली बाई

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर
सातलिंग मामांना ती डबी मीच दिली.
महिन्याचं भाडं शंभर, त्यात माझं कमिशन चाळीस.
म्हटलं, मामा, पैसे आले की ही बोलते,
आता कोण टांग मारणार नाही.
मामा म्हणाले, माझ्या कट्ट्यावर टांग मारायला
अजून कोण जन्मलाय होय?
पण घेतली. शेजारच्या गवळ्यानं घेतली होती म्हणून.

रात्री नऊला पहिलं गिऱ्हाईक.
ग्लासात धार वाजतेय, फेस काठाला आलाय,
आणि खांबावरून बाई कडाडली,
पन्नास रुपये प्राप्त झाले!
हौसानं मान वर केली, कान टवकारले,
एक लाथ ग्लासाला, एक मामांच्या गुडघ्याला,
आणि पान्हा चोरला तो चोरलाच.
चार लिटरची म्हैस त्या रात्री पावशेरावर आली.

सकाळी सहाला मला फोन.
"तुझी बाई घिऊन जा.
म्हशीला तिचं तोंड दिसंना, नुसता आवाज.
माणूस असती तर मी समजावलं असतं."

मी तक्रार नोंदवली.
मराठीसाठी चार दाबा. दाबलं. हिंदीत बोलले.
अडचणीचा प्रकार निवडा :
आवाज येत नाही, चार्जिंग होत नाही, पट्टी तुटली, इतर.
इतर निवडलं. शंभर अक्षरांत लिहा.
लिहिलं, म्हैस बुजते.
दोन दिवसांनी उत्तर आलं,
गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत,
कृपया एकदा बंद करून पुन्हा चालू करा.
मामांनी मला मोठ्यानं वाचायला लावलं. चष्मा पुसला.
"कुणाला? हौसाला?"

आवाज कमी करायचं बटण आहे, नाही असं नाही.
ते दाबलं की बाई
बॅटरी किती टक्के उरली ते सांगते,
त्याच आवाजात.

मग मामांनी स्वतःच तोड काढली.
बाई बोलली रे बोलली की
आंबोणाची पाटी हौसाच्या पुढ्यात.
म्हैस रुसते, लगा, पण हिशेब विसरत नाही.
महिन्याभरात तिनं सगळं ताडलं,
आणि प्रकरण उलटं फिरलं.
आता बाई बोलल्याशिवाय धारच सोडेना.
रोख देणारे ताटकळायला लागले.
देवलापूरकर मास्तर, तीस वर्षं
शर्टाच्या आतल्या खिशातून सुट्टे मोजून देणारे,
नातीकडून फोन शिकून आले.
सरकारच्या एवढ्या जाहिरातींना जमलं नव्हतं.

परवा डबीचं नेटवर्क गेलं.
लोकांच्या फोनवर हिरवी टिक, डबी मुकी.
चौदा माणसं ग्लास धरून उभी,
हौसा डोळे मिटून रवंथ करतेय,
कासंला हात लावला की शेपटीचा फटका.
मी डबी हलवली, उन्हातल्या टॉर्चसारखी, उगाचच.
मामांनी इकडं तिकडं पाहिलं.
एके काळी खासबागेत कुस्ती मारलेला माणूस, मान अशी,
तो म्हशीच्या कानाशी वाकला
आणि बारीक, सुरेल, शहरी आवाजात म्हणाला,
पन्नास रुपये प्राप्त झाले.

कुणी हसलं नाही. म्हणजे कुणाची छाती झाली नाही.
हौसानं एक डोळा उघडला.
विचार केला.
सोडला पान्हा.

चौदा वेळा म्हणावं लागलं त्यांना.
शेवटी शेवटी तर आवाजाला लाडिक वळण आलं होतं,
मास्तर म्हणाले, मूळ बाईपेक्षा बरं आहे.

रात्री दीडला मला परत फोन.
नेटवर्क आलंय.
गोठ्यात खुंटीला टांगलेल्या पिशवीतून
बाई एकेकाचे पन्नास सांगत सुटलीय,
साचलेले, चौदाच्या चौदा,
आणि अंधारात हौसा उभी राहिलीय,
फरशीवर धार लागलीय.
"बंद कशी करायची सांग," मामा म्हणाले.
मी म्हटलं, बटण दाबा.
दाबलं.
बॅटरी सदतीस टक्के.